मुखत्यारनामा, शपथ आणि राजीनामा

पेशवाईचा अस्त झाल्यावर पुढील अर्धशतकभर पुणे शहरात धर्मादाय म्हणून जे काही चालत होते, त्याच्या कारभाराला सनद, वहिवाट आणि घराणे या तीन आधारांपलीकडे चौथा आधार नव्हता. देवस्थानाला इनाम असे, इनामाला सनद असे, सनदेवर ज्याचे नाव त्याच्या घराण्याकडे वहिवाट चाले. अन्नछत्र ज्याने घातले त्याच्या इच्छेने ते वाढे किंवा बंद पडे. आणि श्रावणमासातील जी दक्षिणा दाभाड्यांनी सुरू केली व पेशव्यांनी वाढविली, तिच्यापैकी काही रक्कम राखून इंग्रज सरकारने १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तेव्हाही तो पैसा कोणाचा आणि त्याचा विनियोग कोणी ठरवावा हे विचारण्याचा अधिकार पुणेकरांना आहे, असे ना सरकारला वाटले, ना पुणेकरांना. १८४९ साली लोकहितवादींसह काही तरुणांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा असा अर्ज केला आणि त्यावरून शहरात मोठे वादळ उठले. तथापि तो अर्ज सरकारकडे होता, आणि निवाडाही सरकारनेच दिला. देणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभा राहणारा, स्वतःच्या मालकीचे काहीही नसताना इतरांच्या विश्वासावर कारभार पाहणारा, आणि त्या कारभाराचा जमाखर्च चारचौघांपुढे मांडण्यास बांधलेला असा जो तिसरा, तो अद्याप जन्मास यावयाचा होता.

त्याचा जन्म २ एप्रिल १८७० रोजी झाला असे म्हणण्यास हरकत नाही, कारण त्या दिवशी पुण्याची सार्वजनिक सभा स्थापन झाली. या सभेची आठवण आपण राजकीय चळवळीचा आरंभ म्हणून काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ती ज्या निमित्ताने निघाली ते निमित्त राजकीय नव्हते, तर एका देवस्थानाच्या कारभारासंबंधीचे होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १८६३ च्या विसाव्या कायद्याने सरकारने देवस्थानांच्या देखरेखीतून आपले अंग काढून घेण्याचे धोरण पत्करले होते. म्हणजे ज्या कारभाऱ्याला पूर्वी निदान कलेक्टरचा धाक होता, त्याच्या डोक्यावर आता कोणीच राहिले नव्हते. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार ज्या पंचांकडे होता त्यांच्या व्यवहाराबद्दल शहरात असंतोष वाढत चालला होता, आणि या पंचांना जाब कोणी विचारावा याचा खल करता करता मंडळींच्या असे ध्यानात आले की जाब विचारणाऱ्यालाही प्रथम स्वतःचा अधिकार सिद्ध करावा लागतो. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, या प्रश्नाला उत्तर नसेल तर पंचही ऐकत नाहीत आणि सरकारही ऐकत नाही.

गणेश वासुदेव जोशी हे व्यवसायाने वकील असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वकिलाच्या दप्तरातूनच काढले. ज्याच्या वतीने वकील कोर्टात उभा राहतो त्याच्याकडून तो मुखत्यारनामा लिहून घेतो, आणि तो कागद हातात असल्यावाचून कोर्ट त्याचे एक अक्षरही ऐकून घेत नाही. तोच न्याय जोशींनी सभेला लावला. सभेचा सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणला पाहिजे, असा नियम करण्यात आला, आणि त्याप्रमाणे आरंभीच ९५ सभासदांनी मिळून सहा हजारांवर लोकांचे मुखत्यारनामे गोळा केले. औंधच्या पंतप्रतिनिधींसारखे प्रतिष्ठित सरदार आणि संस्थानिक सभेच्या अग्रभागी होते, पेन्शनर होते, वकील होते, सावकार होते. परंतु या नियमाने त्या सर्वांना एका पायरीवर आणून उभे केले. १८५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्ये नाना शंकरशेट यांच्यासारखे थोर पुरुष होते आणि तिचे अर्ज विलायतेपर्यंत पोहोचत असत. पण तेथे सभासदाचे वजन त्याच्या व्यापारावर आणि प्रतिष्ठेवर मोजले जाई. पुण्यात ते पन्नास सह्यांवर मोजले जाऊ लागले. त्या काळी मताधिकार हा शब्दही रूढ नसताना, कायद्याचे कोणतेही बंधन नसताना, एका मंडळाने स्वतःवर हे बंधन घालून घेतले, याचे मोल मला फार वाटते. आणि जोशींना लोकांनी दिलेले ‘सार्वजनिक काका’ हे नाव त्यांच्या स्वभावाप्रमाणे या कागदालाही शोभणारे आहे.

मुखत्यारनामा हाती असला म्हणजे माणूस गप्प बसू शकत नाही. न्यायमूर्ती रानडे १८७१ साली पुण्यास बदलून आले आणि सरकारी नोकरीमुळे पदाधिकारी होणे त्यांना शक्य नसतानाही सभेच्या कामाची सारी घडी त्यांनी पडद्याआडून बसवून दिली. शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करावयाची तर अमुक तालुक्यात धारा किती वाढला, कर्ज किती, उत्पन्न किती, हे आकडे जाग्यावर जाऊन गोळा करावयाचे, अर्जात उपमा-अलंकार घालावयाचे नाहीत, आणि सरकारच्याच अहवालातील आकडे सरकारपुढे ठेवावयाचे, अशी शिस्त त्यांनी लावली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने आपली माणसे दुष्काळी जिल्ह्यांत पाठविली आणि त्यांनी धाडलेल्या हकिकती वेळोवेळी सरकारास सादर केल्या. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले व त्यातील कितीतरी निबंध रानड्यांनी नाव न घालता लिहिले. चिटणिसाच्या कामाला एक नवीच प्रतिष्ठा याच काळात आली. जुन्या दरबारात चिटणीस म्हणजे धन्याच्या हुकुमाचे पत्र लिहिणारा; येथे धनी कोणीच नव्हता, म्हणून ठराव लिहिणे, त्याची तामिली करणे, सह्या घेणे, पत्रव्यवहाराची नक्कल ठेवणे आणि वर्षाखेरीस झाले-गेले सर्व सभेपुढे मांडणे, एवढा सगळा भार त्या एका पदावर येऊन पडला. काका जोशी १८८० साली निवर्तले, पण संस्था थांबली नाही.

त्याच वर्षी, २ जानेवारीला, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली, टिळक त्यांना येऊन मिळाले, माधवराव नामजोशी आले, पाठोपाठ वामन शिवराम आपटे आणि आगरकर आले. आणि पुढच्याच वर्षी ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. ही सगळी हकिकत मराठी वाचकास पाठ आहे. तिच्यातील एका बाजूकडे मात्र क्वचितच लक्ष जाते, ती ही की पहिली जवळजवळ पाच वर्षे ही शाळा कायद्याच्या दृष्टीने काही मित्रांची खाजगी शाळा होती. शिक्षक तेच, चालक तेच, जमा आणि खर्च दोन्ही त्यांच्याच हाती. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर अकाली गेले. त्याच वर्षी आपल्या पत्रांतील लेखनावरून झालेल्या कोल्हापूरच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. आणि तरीही त्याच सुमारास शिक्षण कमिशनचे अध्यक्ष हंटर यांनी ही शाळा पाहून तिची मनापासून वाखाणणी केली. एका बाजूस एवढी कीर्ती आणि दुसऱ्या बाजूस एवढी अनिश्चितता, असा हा प्रसंग होता. शाळेतून कॉलेज काढावयाचे तर लक्षावधी रुपये लागणार, ते संस्थानिकांकडून व धनिकांकडून मागावयाचे, आणि देणाऱ्याने जर विचारले की तुमच्यापैकी दोघे उद्या वारले किंवा भांडून निघून गेले तर माझ्या पैशाचे मालक कोण, तर त्याला मित्रप्रेमाचा हवाला देऊन चालण्यासारखे नव्हते.

म्हणून २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि तिची रीतसर घटना करण्यात आली. सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारखे सहानुभूतीचे इंग्रज अधिकारी या कामी पाठीशी होते. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी स्वतः १,२५० रुपये देऊन कॉलेजला आपले नाव देऊ केले, आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या घटनेची मांडणी पाहिली की तिच्या कर्त्यांनी माणसाच्या स्वभावाचा केवढा खोल विचार केला होता याचे आश्चर्य वाटते. कारभाराची दोन मंडळे करण्यात आली. शाळा-कॉलेजातील अध्यापन आणि रोजचा कारभार आजीव सभासदांच्या मंडळाकडे, ज्यांना सर्वजण लाइफ मेंबर म्हणत. आणि त्यांच्या वर नियामक मंडळ, ज्यात आजीव सभासदांबरोबर देणगीदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधीही बसत. श्रम देणाऱ्याचा आणि द्रव्य देणाऱ्याचा असा दोघांचाही आवाज राहावा, पण वर्गात काय शिकवावे हे देणगीदाराने सांगू नये आणि पैसा कसा खर्च झाला हे शिक्षकाने लपवू नये, हे त्यातले मर्म. आज ज्या संस्थांत धनिक अध्यक्षाच्या इच्छेवाचून खडू-फळाही विकत आणता येत नाही, किंवा उलट जेथे एका चिटणिसाशिवाय हिशेबाची वही कोणी पाहिलेली नसते, तेथील मंडळींनी ही १८८४ ची घटना एकदा समोर ठेवून वाचावी.

परंतु या घटनेचा गाभा मंडळांच्या रचनेत नव्हता. आजीव सभासदाने २० वर्षे संस्थेची सेवा करावी, महिना ७५ रुपयांहून अधिक वेतन घेऊ नये, आणि त्याच्या मागे कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून संस्थेने त्याचा ३,००० रुपयांचा आयुष्याचा विमा उतरावा, हा करार त्या गाभ्याच्या ठिकाणी होता. ज्या पदवीधरांस सरकारी नोकरीत दरमहा शेकडो रुपये सहज मिळाले असते त्यांनी हा करार केला. आगरकरांनी आपल्या आईस लिहिलेल्या पत्रात मोठ्या पगाराची आशा सोडून देण्याविषयी जे कळविले त्याच्या मागे हीच निश्चयबुद्धी होती. सोसायटीचे भांडवल म्हणून जे काही होते ते या न घेतलेल्या पगारांचेच होते, आणि संस्थानिकांपुढे झोळी पसरताना नामजोशींच्या वाणीला जे बळ येत असे तेही त्यातूनच. मागणाऱ्याने स्वतः आधी दिलेले असते, तेव्हा देणाऱ्याला हिशेबाविषयी संशय घेणे जड जाते. आणखी एक गोष्ट या कराराने साधली: वेतन सर्वांना सारखे असल्यामुळे प्रिन्सिपॉल आणि खालच्या वर्गाचा शिक्षक यांचे मत मंडळात एकाच मोलाचे राहिले. पुढे रघुनाथराव परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आले तेव्हाही ते याच शपथेखाली १९०२ साली फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले, आणि सरकारी कॉलेजांतील मोठमोठी वेतने त्यांना खुणावीत असताही त्यांनी संस्था सोडली नाही.

असे असूनही, किंवा असे होते म्हणूनच, १८८६ ते १८९० या काळात या मंडळात जो कलह माजला तो महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत दुःखद प्रकरणांपैकी एक आहे. सामाजिक सुधारणेविषयीच्या मतभेदाचे निखारे त्यात होते, हे खरे. ‘केसरी’चे संपादकत्व १८८७ साली आगरकरांनी सोडले आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला, तो त्याचाच परिणाम. परंतु मंडळाच्या बैठकींत भांडण झाले ते संमतिवयावरून किंवा विधवाविवाहावरून नव्हे. ते वेतन, बक्षिसी आणि वेळ या तीन रोकड्या विषयांवरून झाले. संसार वाढला, खर्च वाढला, तर वेतन वाढवून घ्यावे की नाही? एखाद्याच्या घरी खाणारी तोंडे अधिक असतील तर त्याला विशेष साहाय्य द्यावे, की त्यामुळे समानतेचे तत्त्व भंग पावते? १८८८ च्या सुमारास होळकर महाराजांनी काही सभासदांना त्यांच्या लेखनाबद्दल दिलेली रक्कम ही त्या व्यक्तींची मिळकत मानावी, की संस्थेच्या नावलौकिकामुळे ती मिळाली म्हणून संस्थेच्या खजिन्यात भरावी? आणि सगळ्यांत कठीण प्रश्न हा, की आजीव सभासदाने वर्गातील काम संपल्यावर बाहेर पुस्तके लिहून, वर्तमानपत्र चालवून, दुसऱ्या संस्थेचे पद घेऊन जे करावे, त्यावर मंडळाचा अधिकार चालतो काय?

टिळकांचे म्हणणे असे की हे व्रत जेसुइट पाद्र्यांच्या व्रतासारखे आहे. ज्याने ते घेतले त्याने आपला सर्व वेळ आणि सर्व सामर्थ्य संस्थेस दिले पाहिजे, आणि बाहेरून मिळणाऱ्या द्रव्याची वाट एकदा मोकळी केली की गरिबीचे व्रत नावापुरतेच उरते. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की घेतलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा आहे. शिवाय वर्तमानपत्रांत स्वतः टिळकांचाही वेळ जात असताना इतरांना अडविणे न्याय्य नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे आज शांतपणे वाचताना मला असे वाटते की वेतनाच्या बाबतीत टिळकांची बाजू अधिक भक्कम होती, कारण समान वेतनाचा खांब हलविला असता तर साऱ्या घरालाच हादरा बसला असता. परंतु वेळेच्या बाबतीत त्यांची अपेक्षा कोणत्याही घटनेच्या आवाक्याबाहेरची होती. करारात वर्षे लिहिता येतात, रुपये लिहिता येतात. मनुष्याने घरी बसून काय लिहावे किंवा कोणत्या सभेत जावे, हे नियमाने ठरविण्याचा यत्न केला की नियमाच्या जागी स्पर्धा आणि संशय येऊन बसतात. १८९० साली सोसायटीचेच आजीव सभासद गोपाळराव गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, त्यावरून ठिणगी पडली, आणि ऑक्टोबरमध्ये टिळकांनी राजीनामा दिला.

त्यांनी आपली कारणे डिसेंबर १८९० मध्ये एका विस्तृत निवेदनात सविस्तर लिहून मंडळापुढे ठेवली. हे निवेदन वाचणाराला त्यातील कटुतेचे दुःख होते; तथापि संस्थेच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्याने ते अवश्य वाचावे, कारण एका चालत्या संस्थेच्या आत कोणकोणते प्रश्न उत्पन्न होतात आणि कोणत्या क्षणी एखाद्या लहानशा अपवादातून मोठा पायंडा पडतो, हे ज्याने ती संस्था स्वतः उभी केली त्याच्याच लेखणीने तेथे उतरले आहे. त्यांच्या जागी १८९१ साली गणित शिकविण्यास धोंडो केशव कर्वे आले. प्रिन्सिपॉल आपटे १८९२ साली वारले आणि त्यांच्या जागी आगरकर प्रिन्सिपॉल झाले. तेही १८९५ च्या जूनमध्ये, वयाची चाळिशीही न गाठता गेले. म्हणजे स्थापनेपासून अकरा वर्षांच्या आत संस्थेने आपले बहुतेक सर्व आद्य पुरुष मृत्यूने किंवा राजीनाम्याने गमावले. कॉलेज मात्र त्याच १८९५ साली चतुःशृंगीच्या बाजूस बांधलेल्या आपल्या नव्या इमारतीत गेले, आणि त्या इमारतीसाठी सुट्यांमागून सुट्या गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करणारे गोखले होते. टिळकांच्या तोडीचा पुरुष बाहेर पडल्यावरही जी संस्था उभी राहते, तिच्या घटनेत काहीतरी सत्त्व होते असे मानणे भाग आहे. आणि टिळकांनीही, ज्यांच्या शब्दावर पुण्याची तरुण पिढी चालत होती, बाहेर पडून समांतर कॉलेज काढले नाही वा देणगीदारांस फिरविले नाही, याची नोंद त्यांच्या थोरवीच्या खात्यावर व्हावयास पाहिजे.

सार्वजनिक सभेचे भाग्य इतके चांगले नव्हते. १८९५ साली सभेच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक झाली तीत टिळकांच्या पक्षाचे बहुमत झाले. गोखल्यांनी चिटणीसपद सोडले, आणि रानडे, गोखले प्रभृतींनी १८९६ साली डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली. कोणी याला कबजा म्हणतात, कोणी लोकमताचा विजय म्हणतात. निवडणूक नियमाप्रमाणे झाली असेल तर तक्रारीला जागा नाही, हे खरे. पण पंचवीस वर्षे एका मताच्या मंडळींनी चालविलेली संस्था एका दिवसात दुसऱ्या मताच्या मंडळींकडे जाते तेव्हा तिचे दप्तर, तिचे त्रैमासिक, तिचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार आणि तिच्या शब्दाला सरकारदरबारी असलेली किंमत यांचे हस्तांतर कसे व्हावे, याविषयी तिच्या घटनेत विचार झालेला नव्हता. ज्या सहा हजारांनी १८७० साली सह्या दिल्या त्यांपैकी किती हयात होते, आणि जे होते त्यांना या दोन पक्षांपैकी कोण आपला मुखत्यार वाटत होता, हे कोणीच विचारले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात नव्या मंडळींनी फॅमिन कोडाप्रमाणे रयतेचे हक्क कोणते हे खेडोपाडी समजावून सांगण्यास माणसे पाठविली, ते काम सभेच्या जुन्या परंपरेला साजेसेच होते; परंतु मार्च १८९७ मध्ये सरकारने जाहीर केले की या सभेचे अर्ज यापुढे विचारात घेतले जाणार नाहीत. सरकारने मान्यता काढून घेतली म्हणून प्रतिनिधित्व नाहीसे होत नाही. तथापि रयतेच्या सह्यांचा तो जुना कागद त्या वेळी ताजा असता तर सरकारास ते उत्तर इतक्या सहज देता आले नसते, असे माझे मत आहे.

या सर्व घडामोडी फर्ग्युसनच्या शिक्षकांच्या खोलीत बसून शांतपणे पाहणारे एक गृहस्थ होते, ते म्हणजे कर्वे. त्यांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल आपल्या मुरुड गावी व पुण्यास जो जाच सोसला, त्याचा परिणाम त्यांच्या संस्थेच्या रचनेवर झालेला स्पष्ट दिसतो. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन करताना त्यांनी डॉ. भांडारकरांना अध्यक्षस्थानी बसविले, आणि विधवाविवाहाच्या प्रसाराचे काम व विधवांच्या शिक्षणाचे काम यांची सरमिसळ होऊ दिली नाही. ज्याला पुनर्विवाह अमान्य आहे त्यालाही मुलीच्या शिक्षणासाठी निःशंकपणे रुपया देता यावा, हा त्यात हेतू. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कॉलेजातील काम संभाळून तेथे पायी जाणे-येणे, सुटीत वर्गणीसाठी प्रवास, आणि वर्षाखेरीस छापील अहवाल, असा त्यांचा क्रम होता. मोठ्या देणगीचाही त्यांना अनुभव आला: १९१६ साली त्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठास १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली, विद्यापीठास ठाकरसींच्या मातोश्रींचे नाव मिळाले, आणि १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस हलले. एवढ्या मोठ्या दानाबरोबर दात्याची इच्छाही संस्थेत प्रवेश करते, याचे हे बोलके उदाहरण आहे. पण ते दान नसते तर विद्यापीठ किती दिवस तगले असते, हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा लागतो.

गोखले १९०२ साली सोसायटीच्या सेवेतून मुक्त झाले, तेव्हा दोन्ही संस्थांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता: सभेत चिटणीस म्हणून घालविलेली पाच वर्षे आणि ती हातची जातानाचे दुःख, तसेच सोसायटीतील कलह आणि त्यातूनही टिकलेली शपथ. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनमागच्या टेकडीवर त्यांनी नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर या तिघांसह भारत सेवक समाजाची शपथ घेतली, तेव्हा या अनुभवाचा प्रत्येक कण तिच्या घटनेत उतरला. मुखत्यारनाम्याचे तत्त्व त्यांनी सोडून दिले. संख्येने निवडून येणाऱ्या सभासदांची संस्था काढावयाचीच नाही, असा त्यांचा निश्चय झाला होता. वीस वर्षांच्या कराराच्या जागी सबंध आयुष्याचा करार आला, आणि सभासदांनी घ्यावयाच्या सात शपथांत देश प्रथम, स्वतःचा लाभ नाही, सर्व भारतीय बंधू समान, समाज देईल तेवढ्यावर संतोष, शुद्ध आचरण यांच्या जोडीला कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, अशीही एक शपथ आली. १८९० ची बैठक ज्याने पाहिली होती त्यालाच ही शपथ सुचावी. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे, आणि त्या काळात ग्रंथालयातील अभ्यास व प्रवास यांवाचून दुसरे काम नसे. सर्व सूत्रे प्रथम सभासद म्हणून गोखल्यांच्याच हाती होती. लोकसत्तेच्या कैवाऱ्याने अशी एकतंत्री घटना करावी याविषयी तेव्हाही टीका झाली. ती निराधार नव्हती, असे मला वाटते. परंतु त्यांना मते मोजणारी सभा काढावयाची नव्हती. तशी सभा त्यांनी एकदा गमावली होती. पुढे पंचवीस-तीस संस्था चालवू शकतील अशी माणसे तयार करावयाची होती.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले. त्यांची इच्छा अशी होती की नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधी समाजात यावेत, आणि गांधींनीही तशी इच्छा दर्शविली. पण सभासदांत विचारभेद झाला, कित्येकांना गांधींची कार्यपद्धती आणि समाजाची पद्धती यांचा मेळ बसणार नाही असे वाटले, आणि ते त्यांनी स्पष्टपणे बोलून दाखविले. ही अडचण ओळखून गांधींनी आपला अर्ज परत घेतला. आद्य पुरुषाच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांच्या आत, त्याच्या इच्छेचा मान आणि संस्थेचे धोरण यांच्यात निवड करण्याची वेळ येणे, आणि ती निवड कोणाचाही अपमान न होता पार पडणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले, आणि १९२७ साली देवधर.

यानंतरची गोष्ट समाजाच्या कचेरीत शोधून भागत नाही, ती बाहेर शोधावी लागते. देवधरांनी १९०९ साली रमाबाई रानड्यांबरोबर पुणे सेवासदनाची उभारणी केली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांच्या चाळींत काम करता करता १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेपर्यंत ते पोहोचले. अमृतलाल ठक्कर ऊर्फ ठक्करबाप्पा यांनी १९१४ साली मुंबई महापालिकेतील इंजिनिअरची नोकरी सोडून सभासदत्व घेतले आणि १९२२ साली दाहोदेस भिल्ल सेवा मंडळ काढून तेथेही आजीवन सेवकांची पद्धत घातली. लाला लजपतराय यांनी १९२१ साली लाहोरास लोक सेवक मंडळ काढले तेव्हा त्यांच्यापुढे पुण्याच्याच समाजाचा नमुना होता. या सर्व ठिकाणी पुण्याहून गेलेली पहिली वस्तू म्हणजे नियमांची एक लहानशी पुस्तिका आणि वर्गणीची छापील पावती. ठक्करबाप्पांच्या भिल्ल मुलांच्या वसतिगृहांत तर धान्याचा आणि कापडाचाही हिशेब नोंदला जाई, आणि तो पाहावयास मागणाऱ्या कोणालाही दाखविला जाई.